तवा, नाकवाली, रडकी… आणि विलास

विलास गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्याच दुकानात, त्याच्याच स्टुलावर बसून हिरामावशीला चुकीची क्लच प्लेट विकली. चूक म्हणजे थोडीथोडकी नाही. तिच्या पिकअपचा गिअरबॉक्स उतरवून झाला, मेकॅनिकने प्लेट लावून बघितली आणि ती वाटीवर पातेल्याचं झाकण ठेवावं तशी बसली. म्हणजे बसलीच नाही. हिरामावशी माहुलची. धक्क्यावरून मासळी उचलायची आणि घाटकोपर-मुलुंडच्या बाजारात पोचवायची हा तिचा धंदा, गाडी तिची, चालवायला भाचा. त्या दिवशी बर्फातली सुरमई दुसऱ्याच्या टेम्पोत चढवून मावशी तडक दुकानात आली, पिशवीतली प्लेट काउंटरवर आपटली आणि मला म्हणाली, "तुला कोनी बसवला रं हितं?"

मी म्हटलं, "मावशी, तुम्हीच म्हणालात ना रडकीची प्लेट दे."

"मी म्हनलू रडकी. पन तू दिवा इचारलास? विलासनी दिवा इचारला असता."

मी दिवा विचारला नव्हता. मागे फळ्यांवर खोकी लावत उभ्या असलेल्या सुषमावहिनींकडे, विलासच्या बायकोकडे, वळून मावशी म्हणाली, "बाय, चालवाचा तर नीट चालव. नायतर बंद कर. या बाबाच्या भरवशावर ठेवू नको."  विलास गेल्यापासून वहिनींपुढे हाच एक प्रश्न होता. दुकान ठेवायचं की द्यायचं? बंगळुरूहून मुक्ता, त्यांची मुलगी, रोज फोन करत होती, "आई, पुरे आता, इकडे ये." शेजारचा मोबाइलवाला गाळ्यासाठी टपून होता. वहिनींनी महिनाअखेरीला सांगते असं दोघांनाही म्हटलं होतं, आणि तोवर शटर वर राहावं म्हणून मी मोठ्या मनाने पुढे झालो होतो. असं मोठं मन लोकांना केवढ्याला पडतं, ते हिरामावशीला विचारा.

दिव्याची भानगड सांगायला हवी. पण त्याआधी विलास…

मी विलासला शेवटचं पाहिलं तेव्हा तो रस्त्यावर पालथा पडला होता. घाबरू नका. असल्फ्याच्या चढावर, दुकानासमोर, एका पिकअपखाली डोकं घालून टॉर्च मारत होता. सदरा पाठीवर चढलेला, एक चप्पल गटाराच्या कडेला, वय साठीच्या पुढे. ड्रायव्हर बिचारा म्हणत होता, "शेठ, मी सांगितलं ना, पुढे स्प्रिंगच आहे." आतून आवाज आला, "तू सांगितलंस रे. गाडीने अजून सांगितलेलं नाही." मी वरूनच ओरडलो, "विल्या, निघतो." तो म्हणाला, "जा. उद्या येताना खारी आण. परवाची आणलीस ती मऊ होती." दुसऱ्या दिवशी मी खारी घेतली होती, कडक बघून, आणि बेकरीच्या दारातच वहिनींचा फोन आला. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवशी पंतनगरच्या त्याच्या घरात शंभर माणसं जमली असतील आणि त्यात मी एकटा हातात खारीचा पुडा घेऊन उभा. ठेवायचा कुठे तेच कळेना. शेवटी शेजारच्या काकूंनी तो माझ्या हातातून काढून घेतला… त्यांना वाटलं, मी पोटाची सोय करून आलोय.

आम्ही दोघं पंतनगरात एकाच जिन्यात वाढलो. दोघंही बी. कॉम. मी अंधेरीला जाहिरात कंपनीत शब्द जुळवायला लागलो, तो वडिलांच्या दुकानात पार्ट जुळवायला. माल विकायचा पिकअपचा, फक्त पिकअपचा. भाजी, मासळी, पाण्याचे जार, लग्नाच्या खुर्च्या, जे जे उपनगरात हलतं ते ज्या गाडीतून हलतं त्या गाडीचा. आणि त्यातही मुख्यतः एकाच कंपनीची गाडी, जी गेली तीसेक वर्षं आपल्या रस्त्यांवर आहे. गाडी एक, पण पिढ्या चार-पाच. गंमत अशी की कंपनी दर पिढीला काय नाव देणार? मागच्या फळीवर आधीचंच नाव, पुढे 'न्यू'. मग 'सुपर'. मग 'प्लस'. 'न्यू' पंधरा वर्षं जुनी झाली तरी 'न्यू'च. काउंटरला येऊन एखादा म्हणाला "न्यूची ब्रेक प्लेट द्या", तर विलास हात जोडायचा. "कुठल्या साली नवीन होती ती सांग."

म्हणून मग गाड्यांची बारशी दुकानात व्हायची. यात विलासचा एक कायदा होता आणि तो कुणासाठीही वाकायचा नाही. गाडी नवी आली की तिला लगेच नाव नाही. काही महिने ती बिननावाची हिंडायची. ड्रायव्हर येणार, मालक येणार, शिव्या देणार. विलास ऐकत राहणार. एकच तक्रार तिसऱ्या माणसाच्या तोंडून आली की तो पेन खाली ठेवायचा, समोरून चहा सांगायचा, आणि ज्याच्या तोंडून नेमका शब्द पडला त्याला पहिला ग्लास. झालं बारसं. त्याचं म्हणणं, "ज्याला गाडीने छळलंय त्यानेच तिचं नाव ठेवावं. कंपनीला कुठे छळलंय तिने?" आठवड्याभरात ते नाव साकीनाक्यापर्यंत पोचायचं, महिन्याभरात मुलुंड चेकनाक्याला कुणीतरी ते आपणच ठेवल्याचं सांगत असायचं.

पहिली पिढी 'तवा'. तिचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली. तोंड सपाट, गिअर चार, चारी चाकांना पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि मे महिन्यात वाशीवरून भाजी घेऊन आलेला माणूस काउंटरला उभा राहूनच बोलायचा, बसायचं नाव काढायचा नाही. दुसरी 'नाकवाली'. कंपनीने इंजिन सीटखालून काढून पुढे नेलं, त्यामुळे गाडीला बॉनेटचं नाक आलं. गिअर पाच झाले, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले, पण पाटे तसेच आणि स्टिअरिंग वळवायला माणूस तालमीतलाच हवा. नाकवालीवर विलासचा जीव. "हिला काही झालं तर एक पाना नि एक शिवी पुरे," म्हणायचा.

आणि तिसरी पिढी… तिथे मी आलो.

झालं असं की तिसऱ्या पिढीच्या मराठी जाहिरातीचं काम नेमकं आमच्या कंपनीकडे आलं, आणि या वेळी गाडीला खणखणीत नाव हवं होतं. मी सुचवलं 'पराक्रम'. पास झालं! मागच्या फळीवर लाल अक्षरांत पराक्रम. माझे पाय जमिनीला लागेनात. माहितीपत्रक छापून आलं तशी पहिली प्रत घेऊन मी अंधेरीहून थेट दुकानात. विलासने चष्मा लावला आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "पुढच्या पाट्यांची पोलादी पकड, रस्त्यावर पराक्रमाची धडक!" थांबला. पुन्हा वाचलं. मग मला म्हणाला, "गाडीच्या जाहिरातीत धडक? बरं, ते सोड. चल."

समोर एक नवीकोरी पराक्रम उभी होती. त्याने रस्त्यावर गोणपाट अंथरलं आणि मला इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली झोपवलं. स्वतः शेजारी.

"समोर काय दिसतं?"

"स्प्रिंग."

"पट्ट्यांची की गोल?"

"गोल."

"मग पाटे कुठेत?"

मी मान वळवली. "मागे."

"आणि तू कुठे लिहिलेस?"

"पुढे."

"आता तू लिहिलंस म्हणून लोकांनी गाडी उलटी चालवायची का रे?"

या पिढीत पुढचे पाटे गेले होते. पुढे गोल स्प्रिंग, दोन्ही चाकं आपापली वर-खाली होणारी, म्हणून खड्ड्यात गाडी कमी उसळायची. स्टिअरिंगही हलकं झालं होतं. म्हणजे जाहिरातीत सांगण्यासारखी एकमेव मोठी गोष्ट होती आणि मी नेमकी तिच्या उलट छापली होती, यमकासाठी! साहेबांनी मला दुसऱ्या दिवशी काय ऐकवलं ते सांगत नाही. पुढचा आठवडा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विलास ते पत्रक वाचून दाखवत होता, शेवटी शेवटी तर पाठ म्हणायला लागला.

त्या गाडीचे पुढचे दिवे कोपऱ्यात खाली ओघळलेले होते. पहिल्या पावसाळ्यात त्यात पाणी शिरायला लागलं. एक भाजीवाला म्हणाला, "सारखी डोळे भरून उभी असते." दुसरा तेच म्हणाला. तिसरी हिरामावशी. तिने नवी गाडी घेतली होती आणि ती फार चिडली होती. "रडकी आनली मी, रडकी!" विलासने पेन खाली ठेवलं. मी तिथेच होतो. मी म्हटलं, "अरे, पराक्रम म्हण ना निदान माझ्यासमोर!" तो म्हणाला, "तुझ्यासमोरच तर मजा आहे." पहिला ग्लास मावशीला गेला. आज घाटकोपरात पराक्रम म्हणून कुणी एक नटसुद्धा मागत नाही.

आता दिवा. रडकी आली आणि दोन-तीन वर्षांत धुराचे नियम कडक झाले. कंपनीने बाहेरचं तोंड तेच ठेवलं, फळीवरचं माझं लाल नावही तेच, पण आत डिझेलचा साधा पंप काढून कॉम्प्युटरवर चालणारा बसवला. इंजिनाचा दम वाढला. दम वाढला म्हणून क्लच प्लेट मोठी झाली. बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नाही. नवं नाव नाही, 'प्लस'सुद्धा नाही. विलासने तिला म्हटलं 'शिकलेली रडकी', आणि काउंटरवर नियम केला, रडकी म्हटलं की पुढचा प्रश्न: चावी फिरवल्यावर काचेखाली इंजिनाचा पिवळा दिवा लागतो का? लागला तर शिकलेली, मोठी प्लेट. नाही तर साधी, लहान. एवढा एक प्रश्न! मावशीची गाडी साधी, मी दिली मोठी. आणि ज्या गाडीचं नाव मी ठेवलं, जिच्याखाली मी झोपून आलो, त्या गाडीची.

पण त्या दिवशी प्लेट परत खोक्यात भरताना मला आठवत होतं ते वेगळंच. चोपन्नाव्या वर्षी मला कंपनीतून नारळ मिळाला. अंधेरीच्या ऑफिसात माझ्या टेबलावर एक पोरगी बसली, माझ्यापेक्षा बरी मराठी लिहिणारी, त्यामुळे रागावताही येईना. मी घरी तसाच हसत होतो, तसेच किस्से सांगत होतो, बायकोलासुद्धा पत्ता नव्हता की आतून काही हललंय. विलास एका रविवारी आला. माझ्यासमोर बसला. मी एक किस्सा सांगितला, तो हसला नाही. दुसरा सांगितला. मग म्हणाला, "तोंड तेच आहे रे तुझं… आत काहीतरी बदललंय. दिवा लागलाय."

मी म्हटलं, "गाडी आहे का मी?"

"गाडी असतास तर बरं होतं, पार्ट मागवला असता. उद्यापासून दुकानात ये. काम काही नाही. बसायचं आणि बोलायचं. गिऱ्हाइकाला थांबवून धरायला कुणीतरी लागतं, मी गोदामात जातो तेव्हा." त्यानंतर मी जवळजवळ रोज गेलो. त्याने मला कधी एका पार्टला हात लावू दिला नाही. आता वाटतं, थोडा लावू दिला असता तर हिरामावशीची फेरी वाचली असती.

आता मी त्याचं फक्त कौतुक करत राहिलो तर तो वरून शिट्टी मारेल, म्हणून त्याचंही एक सांगतो. चौथी पिढी आली तेव्हा हा माणूस साफ आडवा झाला. त्या गाडीत धूर धुवायला युरियाचं पाणी भरावं लागतं, वेगळी टाकी, जागोजागी सेन्सर. पाणी संपलं किंवा हलक्या प्रतीचं भरलं की गाडी रुसते, पळायचं नाव काढत नाही. ड्रायव्हरांनी तिला 'पथ्यवाली' म्हटलं आणि बारसं झालं, पण विलासने माल ठेवायला नकार दिला. "टिकणार नाही ही. दोन वर्षांत कंपनी नाकवाली परत आणेल, लिहून घे." मी अर्थातच हो ला हो केलं. गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात जायला लागली. आणि मग एकदा विलास जेवून लवकर परतला तर वहिनी काउंटरच्या खालच्या खणातून पथ्यवालीचा सेन्सर काढून एका माणसाला समजावत होत्या, कुठला पुढचा, कुठला मागचा, कुठला धुराड्याजवळचा. खण भरलेला होता! कित्येक महिने तो घरी भात कालवत असताना इथे हा धंदा चालला होता. विलास आत आला. स्टुलावर बसला. त्या माणसाचं आटोपल्यावर म्हणाला, "सुषमा, हे खाली का ठेवतेस? वाकावं लागतं. वरच्या फळीवर लाव." माझ्याकडे बघून डोळे वटारले, "आणि तू काय हो ला हो करतोस रे? मित्र आहेस की आरसा?"

म्हणून मला कळत नव्हतं की वहिनींना भीती कसली वाटते. पार्ट त्यांना पाठ होते. हिरामावशी ओरडून गेल्यावर मी तसं म्हटलंही. त्या खोक्यावर नाव घालत म्हणाल्या, "पार्ट कुठेही मिळतात, शिरीषभावजी. फोनवर मागवले तर घरी येतात. लोक इथे येतात ते यांच्याशी बोलायला. हे बोलायचे आणि मी शोधून द्यायची. मला कुठे येतं तसं बोलता?" मग थोडं थांबून, "आणि तुम्हाला येतं, तर तुम्ही ही अशी प्लेट देता."  मुक्ताचा फोन वाजत होता. त्यांनी तो वाजू दिला.

महिना संपत आला. एका दुपारी समोर एक पिकअप येऊन उभी राहिली. येताना आवाज काही नाही, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही, पण उभी राहिल्यावर मात्र टी टी टी करत राहिली. पांढरी, पुढे जाळी नाही, मागे धुराडं नाही. विजेवरची. पाण्याचे जार पोचवणाऱ्याची होती, ड्रायव्हरला वायपरची पाती हवी होती. दुकानात त्या वेळी दोन रिकामटेकडे मेकॅनिक, मी, आणि स्टुलावर हिरामावशी. बरोबर प्लेट बसवून झाली होती, तरी ती अधूनमधून माझ्यावर नजर ठेवायला यायची.

वहिनींनी फळीकडे हातही नेला नाही. "पुढे स्प्रिंग कसली? मागे पाटे किती? ब्रेक पुढे-मागे दोन्हीकडे डिस्क?" ड्रायव्हरला काही सांगता येईना. वहिनींनी टॉर्च घेतला, पदर खोचला, बाहेर गेल्या आणि सरळ खाली वाकून गाडीचं पोट बघितलं. वायपरसाठी! परत येऊन हात पुसत म्हणाल्या, "वायपरची पाती आहेत. पण हिचे ब्रेक पॅड वेगळे दिसतायत, ते तुला लागणारच. पुढच्या महिन्यात ये, मी मागवून ठेवते."

पुढच्या महिन्यात. मी मावशीकडे पाहिलं, मावशीने माझ्याकडे. 

एका मेकॅनिकने विचारलं, "वहिनी, हिला म्हणायचं काय?" आणि मग जो तो दुसरीकडे बघायला लागला. बारसं कोण करणार, हा विचार सगळ्यांच्याच मनात आला असणार. ड्रायव्हर आपला सुरू झाला होता, "काही म्हणा हो, नुसती बोलते. पट्टा लाव बोलते, दार लाव बोलते, मागे घेतली तरी बोलते. बसायला एकदम आरामशीर, धक्का नाही काही नाही. पण चार्जिंग उतरलं आणि हा असल्फ्याचा चढ आला की संपली. मग हिला सावलीत उभी करून खायला घाला." दुसरा मेकॅनिक म्हणाला, त्याच्या शेजाऱ्याचीही अशीच, बडबडते आणि बसते. मावशी म्हणाली, "आमच्या धक्क्यावर एक हाय. तिचा पन तसाच." तीन झाले.

वहिनी पावती लिहीत होत्या. पेन खाली ठेवलं. मान वर न करता म्हणाल्या, "शिरीषभावजी."

मला वाटलं मला हाक मारली. मी "ओ" दिली. तेवढ्यात मावशीचं हसू सुटलं, मग मेकॅनिकांचं, आणि वहिनी… विलास गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी म्हटलं, "वहिनी, हा अन्याय आहे. त्रास ज्याला झाला त्यानेच नाव ठेवायचं हा कायदा आहे विल्याचा." त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मग? महिनाभर मला कुणाचा झालाय?" संध्याकाळी मुक्ताचा फोन आला तो त्यांनी लगेच उचलला आणि अर्ध्या मिनिटात ठेवला.

या गोष्टीला आता तीन-चार आठवडे झाले. नाव साकीनाक्याच्या पलीकडे गेलं आहे. काल मी काउंटरला एकटा होतो, वहिनी गोदामात. एक अनोळखी ड्रायव्हर आला, म्हणाला, "शिरीषभावजीचे ब्रेक पॅड आहेत का?" मला राहवलं नाही. मी छाती पुढे काढून म्हटलं, "अहो, तो शिरीष मीच!" त्याने मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं आणि आत डोकावत म्हणाला, "बरं. पण काम करणारं कुणी आहे का दुकानात?"